शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवायच्या मोटारीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा माझ्या. लोकांना वाटतं, शिकवणारीचं काम नुसतं बोलायचं. बोलायचं कसलं डोंबलाचं! तोंड काहीही बडबडत असू दे, उजवा पाय त्या ब्रेकवर तयार पाहिजे. इतकी वर्षं हा धंदा करते, तो पाय आता झोपेतसुद्धा दाबतो. अमरसिंह म्हणायचा, "संयोगिता, झोपेत लाथा का घालतीस?"

अमरसिंह माझा नवरा. म्हणजे होता. फौजदार आहे. दोन वर्षांपूर्वी कोर्टात दोघांनी सह्या केल्या आणि वेगळे झालो. तो मारायचा नाही. विचारायचा. कुठं गेलतीस, कुणाबरोबर गेलतीस, यायला एवढा उशीर का. भाजी आणायला गेले तरी उलटतपासणी. सह्या झाल्या तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. पण चौकशी काही थांबली नाही. आधी घरात चालायची, आता सरकारी खर्चानं चालते, एवढाच काय तो फरक.

माझी गाडी पांढरी, दोन्ही अंगाला पिवळ्या अक्षरात स्कूलचं नाव, पुढं-मागं लाल रंगात एल. असली गाडी लपवायची तरी कुठं? आणि शहरात चौकाचौकाला कॅमेरे. त्याची नेमणूक शहराबाहेरच्या एका ठाण्यात आहे, इथं त्याचं काहीएक काम नाही. तरी सकाळचा क्लास घेऊन मी फुलेवाडीच्या रिंग रोडला लागले की हा पुढं हजर. अंगात वर्दी, मोटारसायकल कडेला, हात वर. शिकणाऱ्याचे हातपाय गार पडतात, मी ब्रेक दाबते. मग तो माझ्या खिडकीशी येतो.

"कागद दाखवा मॅडम."

मॅडम हे लोकांसाठी. कागद उलटेपालटे करायचे आणि मग माझ्यापुरतं, हळू आवाजात, "काल वडगावला लई वेळ फोन चाललाता. कोण हाय तिथं?"

पेठ वडगावला माझी मावशी आहे. त्यालाही ते माहीत आहे. त्याला उत्तर नको असतं. माझे फोन त्याला दिसतात, हे मला कळावं एवढंच हवं असतं.

बँकेतला एक मुलगा शिकायला यायचा. चांगला शिकत होता, क्लच सोडायचा हात... पाय म्हणायचं मला, अगदी हलका. त्याला एक दिवस ठाण्यात बोलावलं, दिवसभर बाकावर बसवलं आणि संध्याकाळी काही न विचारता घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, मॅडम, पाठ दुखतेय, क्लास बंद करतो. मग एकेकाची पाठ दुखायला लागली. गाडी एक, हप्ते सुरू, आणि शिकायला येणारे गळत चाललेले. या गाडीशिवाय माझ्याकडं दुसरं काही नाही. ही गेली की मी धवलच्या घरी, माझ्या धाकट्या भावाच्या, आणि तिथनं परत अमरसिंहच्या दारात. हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मी घर बदललं. नवे घरमालक गणपतराव, रिटायर्ड मास्तर, नियमाचा माणूस. भाडेकरू ठेवला की पोलिसात नोंद करायची असते, तशी त्यांनी केली. आठवड्याच्या आत पडताळणीला साहेब स्वतः आले. मी क्लासवर होते. संध्याकाळी गणपतरावांचा आनंद पोटात मावेना. "अहो, एवढे फौजदार, पण खाली पाटावर बसून पोहे खाल्ले. तुमची खोली बघितली, कडी जरा कच्ची आहे म्हणाले. किती काळजी!"

मी म्हटलं, "हो का?" दुसरं काय म्हणणार.

आमच्या गावात पोलिसाची ओळख म्हणजे दारात दुभती म्हैस. सगळ्यांना तिचं दूध पाहिजे. हा रोज मला आडवा येतो असं मी कुणाला सांगायला गेले की समोरच्याचे डोळे चमकतात. "साहेब तुमच्या वळखीचे हाईत व्हय? मग आमच्या पुतण्याची गाडी अडकलीय, तेवढं बोला की." एकीला रडत सांगितलं तर ती म्हणाली, "रडायचं काय त्यात, अजून जीव हाय तुमच्यावर त्यांचा." अगं बाई, जीव आहे तोच तर घेतोय!

धवलची तर गोष्टच सोडा. लग्नात कानपिळीला त्यानं अमरसिंहचा कान धरला होता. बहिणीला नीट नांदव म्हणून भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, आणि नवरदेवानं त्याला अंगठी घालायची. ती अंगठी अजून धवलच्या बोटात आहे. अजून तो त्याला दाजीच म्हणतो. मित्रांच्या मोटारसायकली सोडवायला दाजी, गणपतीत मांडवाची परवानगी काढायला दाजी. "ताई, कोर्टाचं कोर्टात. माणूस म्हणून दाजी वाईट न्हाईत." असला कान पिळला होता माझ्या भावानं.

शेवटी मी ठाण्यात गेले. आपल्या भागातल्या, त्याच्या नव्हे. टेबलामागं हवालदार आकाराम होता. पूर्वी दिवाळीला फराळ न्यायला घरी यायचा. मला बघून उठून उभा राहिला.

"वहिनी! तुम्ही? बसा बसा. ए, चहा सांग रे."

मी सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. लिहीत काही नव्हता. माझं सांगून झालं तसा त्यानं फोन उचलला आणि माझ्यासमोर म्हणाला, "साहेब, वहिनी आल्यात हितं. जरा रागात हाईत. या की, बसून मिटवू."

त्याच्या मनात पाप नव्हतं. रुसलेल्या बायकोची समजूत काढतोय, असंच त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी रिंग रोडला अमरसिंह खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "चहात साखर कमी पडली का काल?"

त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. राग नाही, भीती नाही, रडू तर नाहीच. जीभ भाजली की पुढं चार दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं. जेवत होते, शिकवत होते, ब्रेक दाबत होते. तो विचारायचा, मी उत्तर द्यायची. मावशीशी बोलले. डॉक्टरकडं गेलते. झोप येत नाही म्हणून गेलते.

धोंडुबाई माझ्याकडं आल्या त्या अशा दिवसांत. साठीच्या, दारात चार म्हशी, मुलगा पुण्याला, आणि त्याची गाडी घरात झाकून ठेवलेली. "दवाखान्याला जायाचं म्हटलं की ह्याच्या-त्याच्या पाया पडायला लागतंय," म्हणाल्या. "शिकवा मला. मेल्यावर काय गाडीतनंच न्ह्याचं हाय, जित्तेपणी चालवून तरी बघतो." स्टेअरिंग असं धरायच्या की म्हशीचं दावंच. गिअर टाकताना गिअरला शिव्या द्यायच्या. पण घाबरायच्या नाहीत. त्यालाही घाबरल्या नाहीत.

पहिल्या दिवशी तो कागद बघून गेल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो कोण?"

"ओळखीचे आहेत."

पुढं आठवडाभर तो रोज आला. एका सकाळी धोंडुबाई आरशात त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "मॅडम, वळखीचा माणूस आसा रोज आडवा येत न्हाय. मांजार येतंय आडवं." आणि पहिला गिअर टाकला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ती सकाळ उसाच्या हंगामातली. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. धोंडुबाईंच्या हातात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, छान चाललेली. कडेला थांबलेल्या एका ट्रॉलीमागनं अमरसिंह बाहेर आला. रोज कडेला उभा राहायचा, त्या दिवशी सरळ रस्त्याच्या मध्ये. हात वर. मी थांबवणारच, याची त्याला खात्री.

मला तो दिसला. चांगला दिसला. पाय ब्रेकवर होता.

मी दाबला नाही.

शपथेवर सांगते, त्याला उडवावं असं माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. पायाला कळलंच नाही की हे आपलं काम आहे. तो मोठा मोठा होत गेला आणि मी बघत बसले.

"आवं मॅडम! मॅडम! आयाया!" धोंडुबाईंनी दोन्ही पाय एकदम ब्रेकवर घातले. गाडी आचका देऊन बंद पडली. बंपर त्याच्या गुडघ्याला लागला आणि तो मटकन रस्त्यावर बसला. टोपी घरंगळत ट्रॉलीखाली गेली. त्यानं वर बघितलं. त्याच्या तोंडावर भीती मी पहिल्यांदा बघत होते. बरं वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच मला भ्या वाटलं. एक माणूस मेला असता आणि मी नुसती बघत बसले असते. ह्यानं माझं असं करून ठेवलंय, हे मला तेव्हा कळलं.

ट्रॅक्टरवाले जमले. कुणीतरी फोन केला, आणि आमची सगळ्यांची वरात ठाण्यात. टेबलामागं पुन्हा आकाराम. गाडीची किल्ली त्यानं पुढ्यात ठेवून घेतली. धवल धापा टाकत आला. अमरसिंह खुर्चीत पाय लांब करून बसला होता. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. तोवर त्याची भीती जाऊन चेहरा पुन्हा साहेबाचा झाला होता.

"आकाराम, काय लिहू नको," तो म्हणाला. "घरातली बाब हाय."

सगळ्यांनी केवढा तरी श्वास सोडला. आकाराम म्हणाला, "मन मोठं हाय साहेबांचं." धवलनं माझं मनगट धरलं. "ताई, दाजींच्या पाया पड आधी. ड्युटीवरच्या माणसाच्या अंगावर गाडी घातलीस. सरकारी कामात अडथळा, खुनाचा प्रयत्न, काय काय लागलं असतं. आत गेली असतीस." त्याच्या बोटातली अंगठी माझ्या मनगटाला रुतत होती.

अमरसिंह उठला, लंगडत माझ्याजवळ आला आणि रोजच्यासारखा हळू बोलला. "बघ, मी सोडतोय. हे ध्यानात ठेवायचं आता. उद्या भेटू."

उद्या. आणि परवा. आणि आता तर मी त्याची उपकाराखालची.

मी धवलचा हात सोडवला आणि आकारामसमोरच्या खुर्चीत बसले.

"लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू वहिनी?"

"वहिनी नाही. संयोगिता. तसंच लिहा. शिकवणारी मी होते. ब्रेक माझ्या पायाखाली होता. माणूस समोर दिसत होता आणि मी ब्रेक दाबला नाही."

"ताई!" धवल ओरडला. "येड लागलंय का तुला?"

आकारामनं पेन खाली ठेवलं. "आवो, लायसन जाईल तुमचं. गाडी जमा हुईल. साहेब सोडत्यात तर तुम्ही का धरताय?"

"जाऊ दे. माझ्यावर केस करा. सरकारी कामात अडथळा, तीच करा. पण मग कुठलं सरकारी काम ते लिहावं लागेल ना? यांचं ठाणं कुठं, तो रस्ता कुठं. आज सकाळी तिथं यांना कुणी पाठवलं होतं? तेही लिहा. काल कुणी पाठवलं, परवा कुणी. माझे फोन कुणाच्या हुकमानं बघतात, माझी खोली कुणाच्या हुकमानं बघितली. तक्रार घेऊन आले तेव्हा तुम्ही चहा पाजलात. आज आरोपी म्हणून आलेय, आज तरी लिहा."

माझा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात काही शिल्लक नव्हतं.

"डोस्कं फिरलंय तिचं," अमरसिंह म्हणाला. "आकाराम, घालव तिला घरी."

दाराशी बाकावर धोंडुबाई बसल्या होत्या, पदर खोचून. त्या तिथनंच म्हणाल्या, "म्या चालवत हुतो गाडी. माझं बी ल्ह्या. ह्यो रोज येतोय. म्हशी वरडत असतील घरात, पर थांबतो मी."

आकाराम त्यांच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मग त्यानं पेन उचललं. घाबरला होता, दिसत होतं. साहेबाला विचारायची त्याला सवय नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "तेवढं सांगा. तिथं कुठल्या ड्युटीवर हुतासा?"

कुठं होतास. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. अमरसिंह वाकून गुडघा चोळायला लागला. धवल अंगठी फिरवत खाली बघत होता.

माझ्या गाडीची किल्ली टेबलावर होती. ती परत हातात येणार नाही, हे मला माहीत होतं. टेबलाखाली माझा उजवा पाय मात्र फरशीवर गच्च रोवलेला होता, पोटरीत गोळा येईपर्यंत. दुखत होतं. कितीतरी दिवसांनी काहीतरी दुखत होतं.

"सांगा साहेब," आकाराम परत म्हणाला. "लिहायला लागतंय."