माग बंद करू नका, मामंजी

रुद्रय्या म्हणजे माझे सासरे. कबनूरला त्यांचे बारा यंत्रमाग. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी ते माझ्याशी अवाक्षर बोलले नव्हते. पोरानं आपल्यातली सोडून मराठ्याची मुलगी केली, हा त्यांचा राग. वीरेश दर रविवारी आईबापाला भेटायला कबनूरला जायचा आणि मी मंगळवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत बसून राहायची. वाईट वाटायचं का? वाटायचं की! पण मीही काही कमी हट्टी नाही. मोठ्या माणसानं आधी बोलावं, मग मी बोलीन, असं ठरवूनच टाकलेलं.

२००५ साली आम्ही दोघांनी मागाला लावायची एक पेटी बनवली. आत बिस्किटाच्या पुड्याएवढा कॉम्प्युटर. सूत तुटलं की त्यानं माग थांबवायचा, बटण दाबलं की पुन्हा सुरू करायचा. सर्किट वीरेशचं, प्रोग्रॅम माझा. सासऱ्यांनी पोराखातर ती एका मागाला लावू दिली. पण मेली अधूनमधून अडकायची. माग थांबायचा आणि बटणं दाबून दाबून बोट दुखलं तरी हलायचा नाही. मग सासरे मेन स्विच बंद करून चालू करायचे. पेटी पुन्हा शहाण्यासारखी चालायची, आणि कुठं अडकली होती तेही त्या स्विचबरोबर पुसलं जायचं. शेवटी त्यांनी वीरेशला बजावलं, "आता अडाकली की काडून फेकनार. मग तू बी हिकडं यायचं कष्ट घिऊ नगंस." त्या रात्री वीरेश जेवला नाही. माझ्या प्रोग्रॅमपायी त्याचं घर तुटायची वेळ आली होती.

पुढच्या शनिवारी वीरेश मित्राच्या लग्नाला चंदगडला गेला. तिथं मोबाईलला रेंज कुठली! आणि नेमका दुपारी सासऱ्यांच्या मोबाईलवरून कृष्णातचा फोन आला. कृष्णात त्यांच्याकडं माग चालवायचा.

"वैनी, पेटी अडाकली बगा. मालक स्विचकडं निघाल्यात."

"फोन दे त्यांना! पळ!"

फोनमधला खडखडाट वाढला, पण माणूस गप्प. "मामंजी, पाया पडते, माग बंद करू नका. अडकलेली तशीच राहू दे. मी इथून बघते."

"कृष्णात," सासऱ्यांचा आवाज आला, "इचार तिला, किती येळ?"

फोन यांच्याच कानाला आणि निरोप कृष्णातकडं! मला हसूही आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. "अर्धा तास," मी म्हटलं.

"सांग तिला, चारला लाईट जाती. त्याच्या आत काय ते कर म्हनावं."

कारखान्यातल्या टेलिफोनला आम्ही मोडेम जोडून ठेवला होता. त्यावरून मी पेटीत शिरले आणि डीबगर लावला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवून आत डोकावायचं साधन. त्याचा छोटा भाग पेटीत, मोठा माझ्या कॉम्प्युटरवर. पेटीत जागा कमी म्हणून तिथल्या प्रोग्रॅममधल्या भागांची नावं मी काढून टाकली होती, तिथं नुसते आकडे. नावं माझ्याकडं. छोट्याला काही शोधायचं झालं की तो मोठ्याला विचारतो, अमक्या नावाची गोष्ट कुठं आहे? मोठा बघून जागा सांगतो.

माझ्या प्रोग्रॅमात दोन कामं एकाच वेळी चालायची. त्यांना थ्रेड म्हणतात. एक सुतावर नजर ठेवायचा, दुसरा बटणांवर. आणि डीबगर दाखवत होता फक्त बटणवाला! तोही कुणाची तरी वाट बघत बसलेला. कुणाची ते कळेना, कारण दुसरा दिसतच नव्हता.

घामाघूम झाले. कितीतरी वेळानं डोक्यात उजेड पडला. सगळे थ्रेड सापडायला छोटा भाग आधी थ्रेडच्या लायब्ररीतलं, म्हणजे थ्रेड चालवणाऱ्या तयार प्रोग्रॅममधलं, एक नाव विचारतो, आणि माझ्याकडून उत्तर जात होतं, माहीत नाही. काटकसरीच्या भरात मी त्या लायब्ररीच्या स्वतःकडच्या प्रतीतलीही नावं उडवली होती! पेटीत जागा नव्हती, माझ्याकडं काय धाड भरली होती? वा गं शहाणे, म्हटलं, आणि मूळ प्रतीची सीडी शोधायला कपाट उपसलं.

"कृष्णात, इचार तिला, झालं का?"

"मामंजी, कृष्णात आहे का तिथं?"

"...न्हाय. च्या आणाय गेलाय."

"मग मलाच विचारा की!"

बोलले आणि जीभ चावली. मग त्यांनी घसा खाकरला. "झालं का?"

दोन वर्षांत त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी सीडी घातली.

पुरी प्रत मिळताच डीबगरनं छोट्याला पुन्हा विचारायची संधी दिली, त्यानं तेच नाव विचारलं, आणि या खेपेला जागा कळली. पडद्यावर दोन्ही थ्रेड आले.

"सापडलं, मामंजी! दोघं एकमेकांसाठी अडून बसलेत. एक कुलूप ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. हा म्हणतो, तू आधी सोड. तो म्हणतो, तू आधी."

"आनि किती येळ बसत्याल असं?"

"जन्मभर. कुणी मध्ये पडलं नाही तर."

बोलता बोलता आपण काय बोललो ते मला मग कळलं.

दोघांनी कुलपं एकाच क्रमानं घ्यायची, एवढीच दुरुस्ती. नवा प्रोग्रॅम पाठवला. फोन कान-खांद्यात दाबून, मला सांगत सांगत सासऱ्यांनी एका हातानं बटण दाबत दुसऱ्या हातानं मुद्दाम सूत तोडलं, पुन्हा पुन्हा तोडलं. दर वेळी माग थांबला, दर वेळी सुरू झाला. मग लाईट गेली आणि सगळा कारखाना गप्प झाला.

"उद्या ये हिकडं," ते म्हणाले. "तुजी सासू वाट बगतीया."

"आणि तुम्ही, मामंजी?"



"मी दोन वर्सं तुज्या फोनची वाट बगत हुतो की," ते म्हणाले. "येवडा येळ लावलास व्हय गं, क्रांती?"