डेक उघडल्यावर

तिने नवी तुळई पुन्हा उचलली, एक टोक डाव्या खाचेत बसवलं आणि दुसऱ्या टोकाकडे बघायचं टाळलं. पण बघावं लागलंच. उजवी खाच अजून तीन इंच लांब होती.

माप तिनेच घेतलं होतं, परवा, दोनदा. तुळई आखूड नव्हती. बोट फाकली होती.

काल ती लाकूड कापून आणायला गेली असताना आप्पा मिस्त्रींनी जुना डेक एकट्याने उखडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पहार हातात आली की कुणाचं ऐकायचा नाही. दर चौथी फळी जागेवर ठेवायची, बाहेरून दोन्ही बाजूंना टेकू लावायचे, मगच बाकीच्या फळ्या काढायच्या, हे आप्पांनीच तिला कान धरून शिकवलेलं. काल त्यांनी एक फळी ठेवली नाही की एक टेकू लावला नाही. जेवून उठून पुन्हा ताटावर बसणं, रंधा हातात धरून रंधा शोधणं, हे सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येईना.

उद्याच्या मोठ्या भरतीला बोट पाण्यात न्यायची, तोवर निदान आडव्या तुळया बसलेल्या हव्यात, असं मालकाने बजावलं होतं. काम हातचं गेलं की आप्पांना पुन्हा कोण बोलावणार? गेल्या वर्षी आजारपणात ते दोन महिने घरी होते, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ते दिवस तिला पुन्हा नको होते.

शिडी वाजली. मालक वर आला. आधी खाचेकडे, मग तुळईकडे बघून म्हणाला,

"काय मिस्त्री, बोटीनं बाळसं धरलं की काय?"

त्याने वाकून बाहेर पाहिलं.

"टेकू कुठायत?"

तिच्या मागे उभे असलेले आप्पा हातातल्या पहारीकडे बघत राहिले.

"मी लावले नाहीत," ती म्हणाली. "आप्पांनी सांगितलं होतं. मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय."

"मिस्त्री, तुम्ही असताना असं?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"पोरीला अजून शिकायचंय," ते म्हणाले.

"शिकवा ना. माझ्या बोटीवर नको. ए बाई, खाली उतर. आता ह्या बोटीला तू हात लावायचा नाहीस. मिस्त्री एकटे करतील."

ती खाली उतरली. आपण केलं काय हे तिला जमिनीवर पाय टेकल्यावर कळलं. आप्पांना वाचवायला गेली आणि त्यांना एकटं वर ठेवून आली. मालक फाटकाशी जाऊन फोनवर बोलू लागला, पण त्याचा डोळा इकडेच होता.

थोड्या वेळाने आप्पा कठड्याशी आले.

"खोटं का बोललीस गं?"

"कधी?"

"टेकू मीच विसरलो ना?"

एवढं तरी ह्यांनी विसरायला हवं होतं, असं तिला वाटलं आणि वाटल्याची लाजही वाटली.

"होतं असं, आप्पा. काल ऊन किती होतं."

"उन्हाला कशाला नावं ठेवतेस." त्यांनी मालकाकडे पाहून आवाज खाली आणला. "हे बघ. तू खालून सांगत जा, मी करत जातो. त्याला कळायचं नाही. साखळी घालून बोट आवळायची. आधी साखळी की आधी टेकू?"

पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट. टेकूंशिवाय साखळी आवळली तर बोट कलंडते आणि आतल्या माणसाला घेऊन पडते. आप्पांच्या तोंडावर संकोच नव्हता. शाळेतल्या हुशार मुलाने विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

"टेकू," ती म्हणाली. "आधी टेकू, आप्पा. साखळीला हात नाही लावायचा."

"बरोबर. आधी टेकू."

त्यांनी समाधानाने मान डोलावली, मागे वळले आणि साखळी उचलली.

मालक अजून फाटकाशीच उभा होता. तिने जमिनीवरचा पहिला टेकू खांद्यावर घेतला.