माळ्यावरचं जहाज

“अहो, माळ्यातून पाणी गळतंय!”

बायकोच्या हाकेसरशी मिस्त्री पेपर टाकून धावले. पॅसेजमधल्या माळ्याच्या कडेवरून धार लागली होती. वरच्या मजल्यावरचे लोक कालच गावाला गेलेले. नळ उघडा राहिला असेल, नाहीतर पाइप फुटला असेल. आणि माळ्यावर मिस्त्रींची खेळणी होती. चावीची, पत्र्याची, एकशे बारा.

शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. जुन्या बाजारातून मोडकी खेळणी आणायची, स्प्रिंग बदलायची, मूळ रंगाला मात्र हात लावायचा नाही. उंदीर, वाळवी, दमट हवा आणि मेहुणीची मुलं, या सगळ्यांपासून त्यांनी ती जपली. आता नजर अधू झाली म्हणून संग्रहालयाला द्यायचं ठरवलं होतं. तिथल्या बाई आज अकरा वाजता यायच्या होत्या. साडेनऊ झाले होते.

“आज सवतीची पाठवणी, आणि आजच हिला रडू फुटलं,” बायको म्हणाली, पण हसली नाही. खेळण्यांना ती सवतच म्हणायची. “मी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद करते.”

“चार जिने आहेत. तुझा गुडघा...”

“मग तुम्ही जा. शिडीवर मी चढते.”

मिस्त्रींनी माळ्याकडे पाहिलं. गच्चीवर त्यांनीच जायला हवं होतं. पण माळ्यावर कुठं काय आहे, ते त्यांनाच ठाऊक. “सावकाश जा,” एवढंच म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला आणि शिडी गाठली.

पुठ्ठ्याचे खोके लगद्यासारखे झाले होते. खालून हात लावून एकेक उचलायचा, उतरायचं, खाटेवर ठेवायचं, पुन्हा चढायचं. ढोलवाला अस्वल आलं. आगगाडी आली. शिडी धरायला कुणी नव्हतं. ती डुगडुगली की ते माळ्याची कड धरायचे. डोक्यावर स्लॅबचा गिलावा फुगून खाली लोंबत होता.

शेवटी राहिलं जहाज. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मागं. मिस्त्री छातीपर्यंत माळ्यात शिरले. बोटं खोक्याला लागलीच होती, तेवढ्यात जिन्यात धप्पकन आवाज झाला.

“अहो!”

खोका तिथंच सोडून ते कसे उतरले, त्यांनाच कळलं नाही. बायको पायरीवर घोटा धरून बसली होती.

“व्हॉल्व्ह बंद केला,” ती म्हणाली. “उतरताना पाय मुरगळला, बाकी काही नाही. जहाज काढलंत?”

उत्तर द्यायच्या आत घरातून धडाड आवाज आला.

मिस्त्री तिला आधार देत घरात घेऊन आले. गिलाव्याची भलीमोठी लादी माळ्यावर कोसळली होती. तिच्याखाली जहाज चपटं झालं होतं. बायकोचा चेहरा उतरला.

“मी उगाच हाक मारली.”

“हाक मारलीस म्हणून माझं डोकं शाबूत आहे,” मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून, “गच्चीवर मीच जायला हवं होतं.”

तिनं खाटेवरचं अस्वल पुसायला घेतलं.

बाई बरोबर अकराला आल्या. मिस्त्रींनी यादीतल्या जहाजावर स्वतःच काट मारली. एकशे अकरा खेळणी कोरडी करून, कापसात गुंडाळून खाली गेली. “गाडीपर्यंत येताय ना? निरोप द्यायला?” बाईंनी विचारलं.

“नाही. हिचा पाय सुजलाय.”

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मिस्त्री खिडकीकडे गेले नाहीत. खेळणी पुसायचं मऊ फडकं त्यांनी गार पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि बायकोच्या घोट्याभोवती हलक्या हातानं गुंडाळायला घेतलं.