ओढ्यावरच्या तीन बाटल्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गावातली अकरा मुलं जुलाबांनी आजारी पडली. गावाची विहीर ओढ्याच्या काठावर आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर, बिरू आणि बानाबाई यांची एकशे चाळीस मेंढरं रोज पाणी पितात. दोष कुणाचा, हे ठरायला वेळ लागला नाही. सोमवारच्या ग्रामसभेत ठराव येणार होता: मेंढरांना ओढा बंद. दुसरं पाणी पाच किलोमीटरवरच्या तलावात होतं. ठराव झाला असता तर बिरूला कळप विकावा लागला असता.

अंबिका त्यांची सून. पाणी तपासायला शिकवण्यासाठी पंचायतीनं गावातल्या पाच बायकांना सिल्लोडला पाठवलं होतं, त्यांतली ती एक. तिनं सरपंच सुरेखाताईंना एवढंच सांगितलं, "ठरावाआधी पाणी तपासू. मेंढरं पितात त्याच्या वरचं आन् खालचं."

गुरुवारी सकाळी सहाला तिनं वरची बाटली भरली आणि घराच्या ओट्यावर ठेवली. मग खालची भरायला गेली. वाटेत विहिरीवर बायकांनी अडवलं, त्यामुळे तिला घरी यायला सव्वा तास लागला. उशीर झाला म्हणून तिनं ओट्यावरची बाटली न बघताच पिशवीत टाकली; साडेसातला दोन्ही बाटल्या पंचायतीच्या टेबलावर होत्या. पुंजाराम तिथं आधीच येऊन बसला होता. ठराव त्यानंच मांडायचा होता. त्याचं शेत आणि बावीस गाईंचा गोठा ओढ्याला लागून, मेंढरं पाण्याला उतरतात त्या उतारापासून थोडं वर.

खालचं पाणी चहासारखं होतं. वरचं स्वच्छ.

"अजून काय तपासती, बाई?" पुंजाराम म्हणाला. "आंधळ्याला बी दिसंल." त्यानं मोबाइल काढून दोन्ही बाटल्यांचा फोटो घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: मेंढरांच्या आधी, मेंढरांच्या नंतर.

अंबिकानं दोन्ही बाटल्या जवळ ओढल्या. पाण्यात औषधाचे थेंब टाकून तिनं रंग तक्त्याशी जुळवला. खालच्या पाण्याचा सामू आठ आला; हा आकडा सातच्या खाली गेला की पाणी आंबट. वरच्याचा साडेपाच. तिनं वरच्याची चाचणी पुन्हा केली. पुन्हा साडेपाच. या काळ्या दगडाच्या मुलखात दोन वर्षांत तिला एकदाही सातच्या खाली आकडा मिळाला नव्हता. शिवाय परवाच पाऊस झाला होता आणि सहा वाजता तिनं स्वतः भरलेलं पाणी गढूळ होतं.

ती तशीच घरी गेली.

"आत्याबाई, ओट्यावरच्या बाटलीला हात लावला व्हता का?"

"लावला की. तांब्यात ओतून तुरटी फिरवली, निवळल्यावर फडक्यातून गाळून परत भरली," बानाबाई म्हणाली. "सायबाकडं जाणार ना ते पाणी? असलं गढूळ कुणाच्या म्होरं ठिवत्यात का? आपल्या घरची रीत हाय का ती?"

"तुरटीनं पाणी आंबट झालं. आता गाव म्हणतंय, वरचं पाणी चांगलं, आपली मेंढरंच घाण करत्यात."

बानाबाईनं आवाज खाली आणला. ती म्हणाली, "मग सांगू नगंस कुणाला. बाटली फुटली म्हण, दुसरी भर."

"फोटो गेलाय गावभर. आन् खोटं एकदा सापडलं तर पुढच्या बाटलीवर कोण इस्वास ठिवील?"

अंबिकानं त्याच ग्रुपवर लिहिलं: वरच्या बाटलीत माझ्या घरी तुरटी फिरवली गेली. नमुना बाद. उद्या सकाळी सहाला पुन्हा घेणार. बाटल्या पुंजारामआबांनी स्वतःच्या हातानं भराव्यात.

उत्तरं लगेच आली. एकानं विचारलं, गुळाचा खडा टाकला नाही का? दुसऱ्यानं हसरे चेहरे पाठवले. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि पाण्यात शेणा-लेंड्यांचे जंतू असले तर दिवसभरात काळ्या पडणाऱ्या, नाहीतर पिवळ्याच राहणाऱ्या चाचणीच्या तीन कुप्या मोजून बाजूला काढल्या.

शुक्रवारी पुंजाराम आला, कारण न येणं बरं दिसलं नसतं. सुरेखाताईही आल्या. अंबिकानं पहिली जागा दाखवली ती गोठ्याच्याही वरची.

"इथलं कशाला?" पुंजारामनं विचारलं.

"दोन जागांनी भागत नाय, आबा. काल तिथंच चुकले. बाटलीचं तोंड धारेकडं करा. आधी हात धुवा, बोट आत घालू नका."

"तीस वर्षं धारा काढतोय मी. मला हात धुवायला शिकवती का?"

"मग धुवा की."

सुरेखाताईंनी हसू दाबलं. त्यानं हात धुतले आणि पहिली बाटली भरली. दुसरी बाटली त्यानं गोठा आणि मेंढरांचा उतार यांच्या मधे भरली, तिसरी विहिरीजवळ. तिथंच काठावर पाणी कुप्यांत ओतून त्यांवर सही केलेले कागद चिकटवले. कुप्या पंचायतीच्या कपाटात बंद केल्या. किल्ली सुरेखाताईंकडे.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं. पहिली कुपी पिवळीच होती. दुसरी काळी, तिसरीही काळी. पुंजारामनं दुसरी कुपी उचलली, कागदावरची स्वतःची सही पाहिली आणि खाली ठेवली. गोठा धुतलेलं पाणी चरातून ओढ्यात जातं, हे गावात कुणाला नवीन नव्हतं.

सोमवारी अंबिकानं निकाल वाचला. "गोठ्याच्या वर घाण नाय. गोठ्याखाली हाय. मेंढरांनी तीत भर पडती का, ते या तपासणीत कळत नाय."

बिरू मागून ओरडला, "नाय पडत म्हण की!"

"मामा, जे दिसलं नाय ते कसं सांगू?"

मग तिनंच सुचवलं: पुढच्या तपासणीपर्यंत मेंढरं विहिरीच्या खालच्या अंगाला पाणी पितील. बिरूनं मान वळवली, पण नाही म्हणाला नाही. ओढा बंद करायचा ठराव कुणी मांडलाच नाही. गोठ्यासाठी पंधरा दिवसांत शोषखड्डा खणायचा, विहिरीत औषध टाकायचं, मग पुन्हा त्याच तीन जागा तपासायच्या, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

पुंजाराम उठता उठता म्हणाला, "आन् खड्डा खणूनबी कुपी काळी आली तर?"

"तर अजून खोल खणा," अंबिका म्हणाली. "मी पुन्हा तपासते."