ढमीचा वाटा

डॉक्टरीणबाईंनी उंची मोजायची फळी चिमण्याच्या डोक्यावर टेकवली, तशा त्याने हळूच टाचा उचलल्या.

"टाचा खाली, लबाडा," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरांसमोर खुर्ची एकच होती आणि ती त्यांनीच पटकावली होती.

आई शेजारी उभी राहिली. या नणंदेला तिने बोलावलं नव्हतं. पण ऐकायला चार माणसं असली की ही बाई तिथे हजर. हिचा स्वतःचा दिवटा आठवीत दोनदा बसलेला, आणि लोकांची मुलं कशी वाढवावीत याचं ज्ञान मात्र नुसतं उतू चाललेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पोटात असताना वारेतून याला पुरेसं पोषण मिळालं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी बरीच मुलं दोन-तीन वर्षांत बाकीच्यांना गाठतात. हा सात वर्षांचा झाला तरी मागेच आहे. तपासण्या करू, मग इंजेक्शनांचं ठरवू."

"इंजेक्शनं कशाला?" आत्याबाई हसल्या. "जुळी ना ही! हिने पोटातच भावाचा वाटा ओरपला. म्हणून तर हिला ढमी म्हणतात."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ढमीने मान खाली घातली.

"दोघांची वार वेगळी होती, ताई," आई दातओठ खात म्हणाली. "कोणी कोणाचं खात नाही पोटात. शंभरदा सांगितलंय."

"आलीच आहे तर हिलाही बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ढमी काट्यावर चढली. तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. आईने तो सावरला. डॉक्टरीणबाईंनी मागचं वजन पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"वजन उतरलंय. आजारी होती का?"

"नाही," आई म्हणाली.

"ती तिचं अंडं मला देते," चिमणा म्हणाला. "दूधपण. नको म्हटलं की चिमटे काढते."

"का गं?" आईने विचारलं.

"त्याचं त्याला परत देतेय," ढमी म्हणाली.

आई गर्रकन नणंदेकडे वळली.

"झालं समाधान? पोरं ऐकत असतात, एवढीही अक्कल नाही तुम्हाला? एवढंसं लेकरू उपाशी राहिलं तुमच्या या घाणेरड्या थट्टेपायी!"

आत्याबाईंचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद झालं होतं. ते पाहून आईला इतकं बरं वाटलं, की ढमी तिची ओढणी ओढतेय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"आत्याने नाही सांगितलं," ढमी म्हणाली. "मला तुझ्याकडूनच कळलं. तू मावशीला फोनवर सांगत होतीस, मी त्याचं सगळं खाल्लं म्हणून. खूप हसत होतीस."

ढमीने ओढणी सोडली.

आत्याबाई उठल्या. त्यांनी खुर्ची भावजयीकडे सरकवली आणि ढमीला काट्यावरून खाली उतरवायला हात पुढे केला.