प्रलंबित खणातलं मटण

निरोप समारंभात लेखापरीक्षकाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पण त्याचा डोळा होता भंगारात निघालेल्या फायलींच्या कपाटावर. पोलादी, चार खणांचं, हत्तीसारखं जड. ते त्याने घरामागच्या अंगणात आणून उभं केलं आणि जाहीर केलं, "यात मी धुरावर मटण शिजवणार."

"यात फायलीसुद्धा कधी शिजल्या नाहीत," बायको म्हणाली.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, माणूस रिकामा बसला की काय काय सुचतं हो!"

त्याने मनावर घेतलं नाही. आधी रिकाम्या कपाटात जाळ करून रंग जाळून टाकला. गल्लीत असा वास सुटला की समोरच्या दंतवैद्याने दवाखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या. मग खणांच्या तळाला भोकं पाडली, मागे हवेला वाट ठेवली, वर धुराडं बसवलं. खणांवरच्या नावांच्या पितळी पट्ट्या मात्र तशाच होत्या. त्यामुळे सर्वांत खालच्या 'तातडीचे' खणात निखारे आणि लाकडं गेली, आणि त्याच्या वरच्या 'प्रलंबित' खणात मांस.

पहिल्या कोंबडीला ओल्या लाकडाचा धूर लागला. डांबरी रस्ता चाटावा तशी चव. दुसऱ्या वेळी लाकडं वाळलेली होती, पण सासूबाई "बघते जरा" म्हणत घडोघडी खण ओढायच्या. ऊब निघून जायची आणि कोंबडी आतून गुलाबीच राहायची.

तिसऱ्या खेपेला त्याने जुन्या साहेबांना जेवायला बोलावलं. बोकडाची अख्खी मांडी 'प्रलंबित' खणात ठेवली, खाली निखारे गच्च भरले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता बघा, आई."

"मी कशाला बघू बाई?" म्हणून सासूबाई तोंड फुगवून बसल्या.

साहेब आले. त्याने ऐटीत किल्ली फिरवली. किल्ली अर्धी हातात आली, अर्धी कुलपात राहिली.

मग स्क्रू ड्रायव्हर झाला, हातोडी झाली, देवाचं नाव घेऊन झालं, न घेण्यासारखीही नावं घेऊन झाली. कपाट ढिम्म. साहेबांनी सगळी काकडी संपवली, मग पाव संपवला, मग नुसतं मीठ चाखत बसले. दुपार कलली.

सासूबाई खुर्ची ओढून समोरच बसल्या होत्या. "उघडू नका म्हणत होतात ना? नाही उघडत बघा ते. गुणी कपाट!"

शेवटी साहेब उठले. "बाजूला व्हा. इतकी वर्षं माझ्या केबिनमध्ये होतं हे." त्यांनी दोन पावलं मागे जाऊन कपाटाच्या गुडघ्यात सणसणीत लाथ घातली. 'प्रलंबित' खण अलगद पुढे आला.

"साहेब, हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुम्ही लेखी मागितलं असतं."

मांडी काळसर तांबूस झाली होती. त्याने हाड धरलं तर हाडच वर आलं, मांस खालीच राहिलं. सासूबाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी खायला लागल्या.

"दात कशाला झिजवू?" त्या म्हणाल्या.

याहून मोठी शाबासकी त्या घरात आजवर कुणाला मिळाली नव्हती. त्याचा ऊर भरून आला. तरी आतून त्याला कळत होतं: कुलूप वेळेवर उघडलं असतं, तर त्याने मांडी निम्मी कच्चीच बाहेर काढली असती.

"किल्ली मोडली म्हणून वाचलात," सासूबाई बोटं चाटत म्हणाल्या.

निवृत्त झाल्यापासून तो पहिल्यांदाच खदखदून हसला, आणि उरलेला मोठा तुकडा त्याने त्यांच्याच ताटात वाढला. साहेब त्याकडे बघतच राहिले.

पुढच्या रविवारसाठी सासूबाईंनी परस्पर दोन मैत्रिणींना आमंत्रण देऊन टाकलं. त्याने थोडी कुरकुर करून पाहिली. मग लाकडं उन्हात घालायला गेला.