कारवारच्या खाडीत गप्प बसलेली हलगी

मी हलगी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, ओरडतेयच म्हणा. सगळा जन्म कोल्हापुरात, त्यातून शिवाजी पेठेत गेला. हळू बोलायची सवय लागणार कुठून?

माझं कडं लोखंडाचं आणि अंग शेळीच्या कातड्याचं. माझा मालक आकाराम, त्यानं मला स्वतःच्या हातानं मढवलं. कातडं भिजवलं, कड्यावर ताणलं, उन्हात वाळवलं आणि पहिली थाप मारून तो म्हणाला, "झ्याक!" त्याआधीची त्याची हलगी एका कुस्तीच्या मैदानात फाटली होती, म्हणून माझा नंबर लागला. मी दिसायला जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी. आवाज मात्र चार गल्ल्या ओलांडून जातो.

माझं एक दुखणं आहे, ते आधीच सांगून टाकते. वाजवण्यापूर्वी मला शेकावं लागतं. कागद नाहीतर उसाचं पाचट पेटवायचं आणि त्यावर मला फिरवायचं. कातडं तापून ताठ झालं की मी कडाडते. हवेत ओल असली आणि शेकलं नाही, तर मी नुसती धप धप करते. मग मलाच माझी लाज वाटते.

मी काय काय नाही पाहिलं! मैदानात पैलवान हात मिळवायचे तेव्हा मी असायची. फुटबॉलची मॅच जिंकली की पोरं आकारामला खांद्यावर घ्यायची आणि तो मला. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची सगर, म्हणजे मिरवणूक, निघायची. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी माझ्या तालावर मालकामागं उधळत यायच्या. तेव्हापासून आकारामच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. तो सगळ्यांना सांगायचा, "जनावर हलगीला येतंय म्हंजे येतंय! त्याला ताल कळतोय." मलाही ते पटायचं. आपलं कौतुक कोणाला पटत नाही?

आकारामच्या घरी बायको बनाबाई आणि एकुलती एक लेक वर्षाराणी. लेक वेगळ्याच वळणाची निघाली. पहाटे उठून दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि कळंब्याच्या तळ्यावर पक्षी बघायला जायची. पुढे तिनं त्याचाच उद्योग केला. लोकांच्या सहली न्यायच्या आणि त्यांना पक्षी-प्राणी दाखवायचे. आकाराम गल्लीत म्हणायचा, "आमची पोरगी कावळं दावायचं काम करती." लोक हसायचे. वर्षाराणी ऐकायची आणि दुर्बीण पुसत बसायची.

बापलेकीचं बिनसलं ते माझ्यावरून. पेठेतल्या मित्रांचं एक रस्सामंडळ आहे. रस्सामंडळ म्हणजे काय ते कोल्हापूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. मित्रांनी भांडीकुंडी, मटण, चटणी घेऊन रानात नाहीतर पाण्याकाठी जायचं, चूल मांडायची, तांबडा-पांढरा रस्सा करायचा आणि पोटभर जेवून गप्पा हाणायच्या. मंडळाबरोबर आकाराम आला म्हणजे मी आलेच. गेल्या वर्षी मंडळ कळंब्याच्या काठावर बसलं होतं. वर्षाराणी धावत आली.

"आबा, हितं वाजवू नगा. त्या गवतात पाणकोंबडीची पिल्लं हायत."

"असू देत की. आमी काय खातूय व्हय त्यास्नी?"

आणि त्यानं मला कडाडून वाजवलं. पाणकोंबडी उडाली ती लांब गेली. पिल्लं उघड्यावर पडली आणि झाडावरचे कावळे खाली उतरले. वर्षाराणी चिखलात शिरली, पण तिला उशीर झाला होता. तिनं वर येऊन चारचौघांत बापाला सुनावलं. आकारामचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो म्हणाला, "माझी हलगी बंद करणारी माझ्याच घरात निपजली व्हय?"

त्या दिवसापासून दोघांचं थेट बोलणं बंद झालं. सगळं बनाबाईच्या मार्फत चालायचं. "तुझ्या लेकीला सांग, भाकरी गार व्हायल्या." "आई, आबांना सांग, मला भूक न्हाय." दोघं एकाच स्वयंपाकघरात, आणि मधे ही बिचारी तवा घेऊन उभी.

मग मंडळाचे अध्यक्ष अमरसिंह यांनी ठरवलं की यंदा बायकामुलांसकट कारवारला जायचं. समुद्र, बंदर, खाडीतली कांदळवनं आणि डॉल्फिन बघायचे. नेणार वर्षाराणी. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या सहलींबरोबर जायची. हा तिचा स्वतःचा पहिला ग्रुप. आकाराम "मी येत न्हाय" म्हणाला. बस सुटताना मात्र पहिल्या सीटवर तोच बसला होता. मी भांड्यांच्या पोत्यात, टॉवेलात गुंडाळलेली. वर्षाराणीला माझा पत्ता नव्हता.

बसमध्ये नुसता दंगा. आजऱ्याला काजू घेतले, ते आंबोलीला पोचेपर्यंत संपले. वर्षाराणी मात्र सारखी एकच गोष्ट सांगत होती.

"कारवारच्या होडीवाल्यांचा नियम हाय. डॉल्फिन बघताना इंजिन बंद आणि तोंडं पण बंद. ज्याच्या ग्रुपनं आवाज केला, त्याला परत होडी मिळत न्हाय. मी होडी चालवणाऱ्या तांडेलांना शब्द दिलाय. फुडच्या महिन्यात आजऱ्याच्या शाळेची पोरं आणायची हायत मला."

"काळजी करू नगंस," अमरसिंह गरजले. "आमी काय बोलतूय व्हय?" सगळी बस हसली.

कारवारच्या धक्क्यावर मंडळानं आपल्याच शेगडीवर चहा टाकला. दुसऱ्याचा चहा यांना पाणचट लागतो. बाकीचे बिस्किटं बुडवत असताना आकारामनं मला हळूच बाहेर काढलं आणि शेगडीवर शेकलं. समुद्राच्या हवेनं माझं अंग मऊ पडलं होतं, ते पुन्हा ताठ झालं. मला बरं वाटलं. त्यानं मला शालीखाली घेतलं आणि आम्ही होडीत बसलो.

होडी खाडीच्या तोंडाशी गेली. तांडेलनं इंजिन बंद केलं. हा तांडेल कमी बोलणारा माणूस. नजर पाण्यावर आणि हात सुकाणूवर. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. पाणी नुसतं हलत होतं. बायका कुजबुजायला लागल्या. अमरसिंहांनी जांभई दिली. कोणीतरी म्हणालं, "हे बघायला आलो व्हय एवढ्या लांब?" वर्षाराणी ओठ चावत दुर्बीण फिरवत होती.

आकाराम पाण्याकडे बघतच नव्हता. तो लेकीकडे बघत होता. बनाबाईच्या कानाशी लागून म्हणाला, "पोरीचं तोंड कसं उतरलंय बघ." आणि त्यानं मला शालीतून काढलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला बरोब्बर कळलं. म्हशी येतात, मग मासे का नाही यायचे? लेकीचा ग्रुप रिकाम्या हातानं परत जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

नेमका त्याच वेळी तांडेलनं बोट दाखवलं. लांब पाण्यातून एक करडी पाठ वर आली, आणि तिच्याजवळ एक छोटीशी. आकारामची नजर माझ्यावर होती. त्याला ते दिसलंच नाही. त्याचे हात पडले आणि मी कडाडले. अख्खी खाडी दणाणली.

दोन्ही पाठी पाण्याखाली गेल्या. कांदळवनातून बगळ्यांचा थवा उठला. नंतर काहीच नाही.

"आबा! काय केलंसा हे!" वर्षभरात वर्षाराणी बापाशी पहिल्यांदा थेट बोलली, ती अशी.

"अगं, बोलवत हुतो त्यास्नी. तुझ्यासाठनंच..." आकारामनं मला घाईघाईनं शालीखाली दडवलं.

तांडेलनं इंजिन सुरू केलं. "ताई, आपलं बोलणं झालं होतं."

मला वाटलं, आता ती बापाकडे बोट दाखवणार. तिनं तसं केलं नाही. "व्हय तांडेल. शब्द माझा हुता. चूक माझीच हाय," ती म्हणाली आणि होडीच्या टोकाला जाऊन पाठमोरी बसली. तिचे खांदे हलत होते. आकाराम आयुष्यात भल्याभल्यांशी भांडलाय, पण तेव्हा तो एवढासा झाला. त्याचा गुन्हा पोरीनं पदरात घेतला होता, आणि तोही सगळ्या मंडळासमोर.

दुपारी तो जेवला नाही. मला काखेत मारून धक्क्यावर गेला. तांडेल जाळं शिवत बसला होता. आकारामनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ही घ्या."

"मला वाजवता येत नाही. घेऊन काय करू?"

"म्हणूनच तर द्यालोय. बायकोला पण हात लावू देत न्हाई मी हिला. तुमच्याकडं ठेवा. उद्याच्याला एकदा आमास्नी न्या. परत आवाज झाला तर बुडवा हिला समुद्रात."

बुडवा! मला न विचारता! तांडेलनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुई जाळ्यात खोचली.

"एकच फेरी. तीही ताईसाठी. तुमच्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीत होते, पण ओल्या जाळ्याच्या ढिगाखाली, त्याच्या भोकांतून बघत. अंगात ओल मुरली होती. कोणी ठोकलं असतं तरी धड वाजले नसते. होडीत एवढी माणसं, सगळी कोल्हापूरची, आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. अमरसिंहांना शिंक आली तर त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला. मी जन्मात अशी शांतता ऐकली नव्हती. पाणी फळ्यांना लागून चुळुक चुळुक करत होतं.

आणि मग, अगदी जवळ, फुस्स.

श्वास होता तो. पाण्यातून वर येऊन कोणीतरी सोडलेला श्वास. त्याच्यामागून एक बारीक फुस्स. माझं कातडं शहारलं. अहो, हे कातडं माझं मूळचं नाही, शेळीचं आहे. ती शेळीही मिरवणूक आली की दावं तोडून पळत असणार, करडाला हाका मारत. इतकी वर्षं मी म्हशींचं सांगत मिरवले, शेळीचं कधी मनात आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं आकारामचा आवाज आला. इतका हळू की मी ओळखलाच नाही.

"वर्षा, ते बारकं आईला सोडत न्हाई बघ."

"व्हय आबा. वर्ष-दोन वर्षं सोडत न्हाई."

तो लेकीजवळ सरकला. मग म्हणाला, "त्या कळंब्याच्या पिल्लांची आई... परत आली हुती काय गं?"

"आल्ती. दोन दिस हुडकत हुती."

आकाराम रडला. पेठेतला माणूस असा चारचौघांत रडत नाही, पण तो रडला, आणि आवाज होऊ नये म्हणून लेकीच्या खांद्यात तोंड खुपसून रडला. वर्षाराणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तांडेल दुसरीकडे बघत राहिला. उतरताना त्यानं मला आकारामच्या हातात परत दिलं आणि वर्षाराणीला म्हणाला, "शाळेची मुलं कधी येतायत ते कळवा."

आता मी शिवाजी पेठेत, त्याच घरात खिळ्यावर असते. खाऱ्या हवेनं कातड्याला एक सुरकुती पडलीय. पाडवा झाला की नवीन मढवतो, असं आकाराम म्हणतो. मैदानात, मॅचला, सगरीला मी आजही जाते आणि पूर्वीसारखीच कडाडते. पण मंडळ कळंब्याला निघालं की सगळी भांडी बाहेर पडतात आणि मी तेवढी घरी राहते. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

तरी तुम्हाला सांगते, पाण्याकाठी, झाडीत, समुद्रावर जाल तेव्हा माझ्यासारखीला बरोबर नेऊ नका. मी रुसेन, पण माझं रुसणं मनावर घेऊ नका. फक्त परत आल्यावर काय काय दिसलं ते सांगा. आमच्याकडे आकाराम आणि वर्षाराणी चपला काढायच्या आधीच दोघं एकदम सांगायला लागतात, आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही.